कारवानी कुत्रं आणि माजी सभापती

निवृत्त झालेल्या माणसानं काहीतरी पाळावं, असं डॉक्टर सांगतात. बहुतेक जण मधुमेह पाळतात. माझ्या नवऱ्यानं कारवानी पाळला.

कारवानी हे आमच्या भागातलं शिकारी कुत्रं. अहमदपूरकडच्या वाड्या-तांड्यांवर अजून दिसतं. उंच पाय, आत ओढलेलं पोट, लांबोडकं तोंड, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण चुकीच्या लोकांत येऊन बसलो आहोत. वास हुंगत फिरणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो डोळ्यानं शिकार करतो. लांब माळावर काही हललं की मान वर होते, कान उभे राहतात आणि पुढच्या क्षणी तो तुमच्याजवळ नसतो. पिढ्यानपिढ्या त्याच्याकडे एवढंच काम होतं. सशाच्या शिकारीला आता कायद्यानं बंदी आहे. तालुक्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुत्र्याला कोणी कळवलेलं नाही.

नवऱ्याला मी इथं 'साहेब' म्हणते. घरात कोणी म्हणत नाही, पण लोहा-कंधार रस्त्यावर सगळे म्हणतात, आणि सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावरही म्हणतात याचा त्यांना कोण आनंद. साहेबांनी कुत्र्याला भारदस्त नाव दिलं. ते लिहीत नाही, कारण त्याच नावाचे दोघे तालुक्यात पदाधिकारी आहेत आणि दोघांचेही कार्यकर्ते वाचतात, निदान वाचून घेतात.

सुरुवातीला तो नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहिला, तिसऱ्या मजल्यावर. त्यानं सोफ्याची एक बाजू, माझ्या चपला आणि साहेबांच्या निरोप समारंभातल्या मानपत्राचं मखमली कव्हर खाल्लं. मानपत्राचा मजकूर मात्र त्याला गिळवला नाही. शेजारच्या वहिनी संध्याकाळी शिळ्या पोळ्या घेऊन यायच्या.

"बाई, राग मानू नका, पण बिचाऱ्याच्या बरगड्या दिसून राहिल्या."

मी सांगायची की ही जातच अशी. त्या मान डोलवायच्या आणि साहेबांच्या पोटाकडे बघायच्या. घरातलं अन्न कुठं जातं, ते त्यांच्या लक्षात आलेलं असायचं.

शेवटी आम्ही मुक्काम लोह्याजवळच्या शेतात हलवला. आमच्या वाटणीच्या तुकड्यात साहेबांनी दोन खोल्या बांधल्या आहेत आणि त्यावर 'फार्म हाऊस' असं रंगवून घेतलं आहे. नांदेडला आता गोळ्या आणायला आणि लग्नांना जायचं. शेतावर आल्यावर लोह्यात सीट कव्हर शिवणाऱ्या एका चाचांकडून कुत्र्याच्या मानेसाठी रुंद पट्टा करून घेतला. माप घेताना चाचांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"मॅडम, हे कुत्रं हाय का हरीण? पट्टा मी असा देतो की बापजन्मी तुटणार नाही. पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही राहणार. तुमची काय गॅरंटी?"

त्यांची शंका रास्त होती. पहिल्याच आठवड्यात मी हरभऱ्याच्या रानातून पोटावर घसरत गेले. तेव्हाच ठरवलं, याला बांधून फिरवायचं नाही, मोकळं फिरायला शिकवायचं.

शेजारची सगळी जमीन माझे थोरले दीर कसतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आमच्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. माझे केस पिकले तरी दादा माझ्याशी जे बोलायचं ते भिंतीशी, म्हशीशी किंवा साहेबांशी बोलतात. मी उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवते. हरभरा निघाला की ते रानात मेंढ्या बसवतात, म्हणजे मेंढपाळांचा कळप रात्री रिकाम्या रानात मुक्काम करतो, जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं आणि त्यांना धान्य. दिवसा मेंढ्या वरच्या माळावर चरतात. कळप यायला अजून बराच अवकाश होता, पण बोलणं पक्कं झालं त्या सकाळी दादा धार काढता काढता म्हशीला म्हणाले,

"सांगून ठेव म्हणावं. एक जरी मेंढरू तोंडात धरलं, तर ते कुत्रं या शिवारात ऱ्हानार न्हाई. मेंढरं दरसाल येत्यात. कुत्रं आत्ता आलंय."

म्हैस काही बोलली नाही. मी म्हणाले, "समजलं."

शिवाराबाहेर त्याची सोय आधीच लागलेली होती, आणि काळजी त्या सोयीचीच होती. आमच्या भागात एक माजी सभापती आहेत. (आमच्याकडे माणूस एकतर माजी असतो नाहीतर भावी. सध्याचा कोणी भेटत नाही.) हा माजी, शिवाय भावीही. मी लोह्याच्या शाळेत शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो चारचौघांत माझ्या पाया पडतो, शक्यतो फोटोच्या बाजूनं. त्याच्या बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आहेत. त्या दोघांच्या मधोमध साखळीला बांधलेला जिवंत कारवानी त्याला हवा होता.

"बाई, शोभा येती वो."

त्याच्या फाटकावरचं आधीचं कुत्रं मी पाहिलं होतं. साखळी पुरेल तेवढ्या गोलात माती घासून गुळगुळीत झाली होती, आणि कुत्र्यानं भुंकणंही सोडून दिलं होतं. आमच्या कारवान्याला दोन दिवस बांधलं तर तो आधी दावं चावतो, मग स्वतःचे पाय. म्हणून हे शिक्षण माझ्या लेखी हौसेचं नव्हतं. मेंढ्या सोडून द्यायला शिकला तर तो माझ्याजवळ राहणार होता, नाही शिकला तर सिंहांच्या मध्ये.

शिक्षणाची सूत्रं अर्थातच आधी साहेबांनी घेतली. टोपी, शिट्टी, पांढरे बूट आणि मोबाईलवरचे व्हिडिओ. आमच्याकडे म्हशीशी मराठी, बैलाशी मराठी, पण कुत्र्याशी इंग्रजी बोलायची पद्धत पडली आहे. अहमदपूरकडच्या तांड्यावर जन्मलेल्या त्या जीवाला सकाळ-संध्याकाळ 'सिट', 'स्टे', 'कम हिअर' असे हुकूम सुटू लागले. साहेबांच्या हाताखालचे लोक जसे 'बघतो साहेब' म्हणून चहाला जात, तसा तो शांतपणे साहेबांकडे बघायचा आणि आपल्या वाटेनं जायचा.

"ऑर्डरच फॉलो करत नाही," साहेब म्हणाले.

"लेखी मागत असेल," मी म्हणाले.

उन्हं तापायला लागली तशी साहेबांची शिट्टी खुंटीला गेली आणि कुत्रा माझ्याकडे आला. मी त्याच्या पट्ट्याला बैलाचा लांब कासरा बांधला आणि दुसरं टोक जमिनीवर मोकळं सोडलं. तो आपला कासरा ओढत पुढं, मी मागं. अशी बरीच चाल झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. तो धावायला लागल्यावर त्याला बोलावण्यात अर्थ नसतो. सुटलेल्या एसटीला हात केला तर एखादा ड्रायव्हर थांबतो तरी. पण दिसणं आणि धावणं यांच्यात एक छोटीशी फट असते. मान वर होते, कान उभे राहतात, एक पाय उचलला जातो. हाक मारायची ती तेव्हाच. वर्गातही असंच होतं. पोराच्या हातातून खडू सुटल्यावर ओरडून काय उपयोग, हात मागं जातो तेव्हाच नाव घ्यावं लागतं.

हाक कुठली मारायची, हा प्रश्न होता. त्याचं भारदस्त नाव सगळे दिवसभर घेत, रागावताना आणि विनाकारण. त्यामुळे त्या नावाला त्याच्या लेखी काही किंमत उरली नव्हती. एकदा दादांची कोंबडी बांधावरून उतरताना दिसली, त्याचे कान उभे राहिले, आणि घाबरून माझ्या तोंडून मधल्या सुट्टीनंतरचा आवाज निघाला: "चला, वर्गात!"

तो थांबला. वळून माझ्याकडे आला. शाळेत या हाकेला इतक्या तत्परतेनं कोणी आल्याचं मला आठवत नाही. मी त्याला त्याच्यासाठी पर्समध्ये ठेवलेली सुकट दिली. पुढे रोज दिली. पर्सला असा वास लागला की लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. हा फायदा मी आधी धरला नव्हता.

कोंबड्यांवरून आम्ही शेळ्यांवर गेलो आणि कळप आल्यावर मेंढ्यांवर, आधी लांबून, मग एका बांधाच्या अंतरावरून. खरा अडथळा त्याचा नव्हता, पुरुषांचा होता. रस्त्यानं जाणारी प्रत्येक मोटारसायकल थांबायची.

"बाई, कासरा सोडा की! बघू तरी कसं पळतंय!"

"छू! छू! धर!"

ज्यांनी उभ्या आयुष्यात रिकामं उभं राहण्यापलीकडे काही केलं नाही, त्यांना कारवानी उभा राहिलेला बघवत नव्हता. मी दिवसभर शिकवलेलं एखादा पानवाला एका 'छू'मध्ये पुसून जायचा.

कळपाबरोबर एक मेंढपाळीण होती. हातात काठी, कमरेला मोबाईल आणि जिभेवर कायम धार. ती लांबून ओरडायची,

"ओ बाई, तुमचं ते चिपाड माझ्या मेंढरांकडं लई टक लावून बघून राहिलंय."

"बघू दे. बघायला बंदी नाही."

"माझा मालक बी लगीन ठरायच्या आदी असाच निस्ता बघायचा. फुडं काय झालं ते म्या सांगत न्हाई."

तिचा विश्वास नव्हता, आणि माझाही पुरता नव्हता. पण एका संध्याकाळी तिचा कळप हौदावर पाणी पीत असताना, कासरा न बांधलेला कारवानी माझ्या हाकेसरशी वळला आणि तिनं ते पाहिलं. तिनं उगारलेली काठी खाली टेकवली. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

याच सुमाराला माजी सभापतीचा वाढदिवस आला. बाईंचं कुत्रं हुकमी झालं आहे, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि त्यानं आमच्या रानात येऊन 'मराठवाड्याचा अभिमान' म्हणून कारवान्याचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. साहेबांनी मला न विचारता होकार दिला. मला मात्र वेगळंच ऐकू आलं. सत्कारानंतर कुत्र्याला पळवून दाखवायचं, पळणं पसंत पडलं तर सभापती त्याच दिवशी गाडीत घालून नेणार, आणि मग फार्म हाऊसपर्यंतच्या डांबरी रस्त्याचं बघू, असं दोघांत बोलणं झालं होतं.

"आपल्याला तरी आता झेपतो का तो?" साहेब पेपरमागून म्हणाले.

"तुम्हाला कधी झेपला?" मी म्हणाले. त्यावर पेपरचं पान उलटलं.

म्हणजे कुत्र्यानं मेंढरू धरलं तर दादा ठेवणार नव्हते, आणि चांगला पळाला तर सभापती नेणार होता.

बांधावर फ्लेक्स लागला. सभापतीचा फोटो माणसाएवढा, साहेबांचा पाटाएवढा आणि सत्कारमूर्तीचा खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, गोल चौकटीत. त्या रांगेत तोच तेवढा समंजस दिसत होता.

कार्यक्रम सकाळचा होता. कळप तेव्हा वरच्या माळावर असतो, म्हणून दादांनी भिंतीकडे बघून संमती दिली होती. पण मान्यवर वेळेवर आले तर ते मान्यवर कसले. खुर्च्या तापल्या, हलगीवाले झाडाखाली झोपले, साहेबांच्या कोटाला घाम फुटला. सभापतीच्या गाड्या आल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि मेंढ्या पाण्यासाठी हौदाकडे उतरत होत्या. मी साहेबांना म्हणाले की थोडं थांबा, कळप पुढं जाऊ द्या. साहेब म्हणाले, "सभापतींना पुढे अजून दोन कार्यक्रम आहेत."

कुत्र्याला फेटा बांधण्यात आला. तो एका डोळ्यावर घसरला. अंगावर शाल आली, समोर नारळ आला, आणि त्यानं हे सगळं असं सोसलं की मला साहेबांचा निरोप समारंभ आठवला. सभापती माझ्या पाया पडला, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा पडला. मग त्यानं माइक घेतला.

"या मातीतला कारवानी एकदा निघाला की माघारी वळून बघत नाही! आपलं राजकारणबी तसंच हाय!"

टाळ्या. मोटारसायकलच्या मागं दोरीनं पोत्याचा तुकडा बांधलेला, तो ओढत एक कार्यकर्ता गाडी पळवणार आणि कुत्रा त्यामागं सुटणार, असं ठरलं होतं. मोबाईल वर झाले. तेवढ्यात कोणाला तरी वाटलं की सत्काराला फटाके हवेतच. आमच्याकडे बारशापासून बदलीपर्यंत फटाक्यांशिवाय काही पार पडत नाही. मेंढ्या हाकेच्या अंतरावर पाणी पीत होत्या, आणि त्यानं लडीला काडी लावली.

कळप फुटला. साऱ्या मेंढ्या एकमेकींवर चढत रिकाम्या रानातून उधळल्या, सरळ आमच्या समोरून. कारवान्याला फटाक्यांचं काही नव्हतं. नांदेडच्या वराती ऐकून तो सरावला होता. पण धावणारं जनावर त्यानं इतक्या जवळून, इतकं एकदम कधी पाहिलं नव्हतं. मोटारसायकल सुटली, हलगी कडाडली, आणि खुर्च्यांवरची सगळी जाणती माणसं उभी राहून एका आवाजात ओरडू लागली,

"छू! छू! छू!"

त्यानं डोकं झटकलं, फेटा खाली पडला, आणि मला त्याचे कान दिसले. उभे. पुढचा पाय उचललेला. कासरा नव्हता. मी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून ओरडले,

"चला, वर्गात!"

पहिल्या रांगेतले दोघे-तिघे खाली बसले. ते माझे जुने विद्यार्थी. सभापतीचा माइक खाली आला. कुत्रा मात्र वळला नाही. तो जागच्या जागी थरथरत होता, मान मेंढ्यांकडे, शेपटी ताठ. मी पुन्हा ओरडले. दुसऱ्यांदा आवाज फाटला. त्यानं एकदा मेंढ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उचललेला पाय खाली ठेवला, वळला आणि शालीसकट माझ्यामागं येऊन उभा राहिला. लांब रानाच्या टोकाशी मोटारसायकलवाला एकटाच पोतं ओढत चालला होता आणि कुत्रा का येत नाही म्हणून वळून वळून बघत होता.

मग मागून आवाज आले.

"पळंना की बे!"

"भ्यालं."

"अस्सल न्हाई हे. भेसळ हाय."

सभापती माझ्याजवळ आला. कॅमेरा बंद करायची खूण त्यानं आधीच केली होती.

"बाई, कारवानी असं माघारी येत नसतंय. पार बिघडवलं तुम्ही त्याला. गेटवर काय कामाचं हे? उद्या कुणीबी हाक मारंल आन् हे जाईल."

"कुणीबी नाही. मी मारली तर," मी म्हणाले. "तुझ्यावर इतकी वर्षं ओरडले, तू एकदा तरी वळलास का?"

तो हसला. हसण्याची त्याला सवय आहे. गाड्या धुरळा उडवत गेल्या, आणि त्या धुरळ्यातून मेंढपाळीण आली. खुर्च्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढं तिनं काठी आपटली.

"कामून वाजवले रे फटाके? वाढदिस तुमचा, आन् माझी मेंढरं गाभडली तर पिल्लं कोन देनार, तुमचा सभापती?"

कार्यकर्त्यांनी खुर्च्या मोजायला घेतल्या. ती माझ्याकडे वळली. "चिपाड बरंय तुमचं," म्हणाली आणि बिथरलेल्या मेंढ्यांना गोळा करायला निघून गेली.

संध्याकाळी ओट्यावर चहा झाला. साहेबांचा चेहरा पडला होता. डांबरी रस्ता सभापतीच्या गाडीबरोबरच गेला, हे त्यांना कळलं होतं.

"जरा पळू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले.

दादा गोठ्याच्या दाराशी बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हशीकडे बघत म्हणाले,

"मेंढरं अजून चार-आठ रोज हायत. कुत्रं ऱ्हाऊ द्या म्हणावं, मोकळंच ऱ्हाऊ द्या. ते फटाकेवाले पुन्यांदा या शिवारात दिसले न्हाई पायजेत."

साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप माळावर दिसेनासा झाल्यावर मी कारवान्याला घेऊन हरभऱ्याच्या रिकाम्या रानात गेले. काढणीनंतरचं रान, समोर एक जीव नाही. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि अचानक, कशाच्याही मागं नाही, उगाचच सुटला. बांधापर्यंत, तिथून विहिरीला वळसा, तिथून परत बांधाला. पोट जमिनीला लागतंय असं वाटायचं, पाय दिसायचेच नाहीत. हलगी नव्हती, मोबाईल नव्हते, 'छू' म्हणणारं कोणी नव्हतं. जे बघायला आदल्या दिवशी एवढी माणसं खुर्च्यांवर तापत बसली होती, ते मी एकटी दगडावर बसून बघत होते. हाक मारली नाही. पुष्कळ वेळानं तो त्याचं त्याला वाटलं तेव्हा आला, धापा टाकत माझ्या पायाशी पडला आणि पर्सकडे बघू लागला.